निरोगी म्हणून धरलेला माणूस

एकोणीस वर्षं मी शंभर टक्के होतो. ही बढाई नाही, तसं छापील होतं. आमच्या प्रयोगशाळेत कोणाचंही रक्त तपासलं की उत्तर टक्क्यांत यायचं, आणि ते टक्के माझ्या रक्ताच्या तुलनेत काढलेले असायचे. अहवालात माझं नाव नसे. तिथे 'निरोगी व्यक्ती : १००' एवढंच असे. पण ही निरोगी व्यक्ती दर सोमवारी सकाळी साडेनऊला शर्टाची बाही दुमडून खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची, आणि ती मी होतो. प्रयोगशाळेत मला सगळे 'शंभर' म्हणत. शंभरांचा चहा झाकून ठेवा, शंभरांचा फोन आहे, शंभर आज अर्धा दिवस रजेवर. बायकोला हे नाव कळलं तेव्हा ती म्हणाली, त्यांना म्हणावं एकदा घरी येऊन मोजा.

मला निरोगी ठरवण्यामागे शास्त्रीय आधार होता. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा तिच्यात दोन खोल्या, एक फ्रीज, आमच्या प्रमुख बाई आणि तंत्रज्ञ म्हणून मी, एवढाच संसार होता. रोग्याच्या रक्तासोबत त्याच दिवशी एखाद्या धडधाकट माणसाचंही रक्त तपासावं लागतं, नाहीतर आलेला आकडा जास्त की कमी हे कळणार कसं? धडधाकट माणसं दोनच उपलब्ध. त्यातल्या बाईंनी आयुष्यात हजारो दंडांना सुया टोचलेल्या, पण स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की त्यांचे डोळे पांढरे होत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, सहा महिन्यांत तुम्ही एकदाही आजारपणाची रजा घेतलेली नाही. झालं. त्या दिवसापासून मी निरोगी. पुढे माणसं वाढली, खोल्या पाच झाल्या, पण बाही माझीच वर होत राहिली. चालू असलेली गोष्ट बदलायला कारण लागतं, आणि कारण कोणी विचारलं नाही.

आम्ही काय मोजत होतो तेही सांगून टाकतो. शरीरातल्या पेशीत कचऱ्याच्या पिशव्या असतात. त्यांत साखर चिकटलेली एक चरबी येते, आणि ती साखर कापून वेगळी करणं हे एका एन्झाइमचं काम. त्याचं नाव ग्लुकोसेरेब्रोसिडेज. हे नाव न अडखळता घेता येईल त्यालाच बाई नोकरीवर ठेवतात अशी आवई होती. आम्ही आपसात त्याला कात्री म्हणत असू. कात्री बोथट झाली की पिशवी तुंबते आणि न कापलेला माल पेशीच्या भिंतीत जाऊन बसतो. त्याच भिंतीत बाहेरचे निरोप घेणारी दारं असतात, ती जाम होतात. कचरा हलवा, दुरुस्ती करा, असे निरोप येतात. घेणारा कोणी नसतो. आमच्या इमारतीच्या देखभाल खात्यात काम केलेल्या कोणालाही हे लगेच समजेल. मेंदूच्या पेशी या बाबतीत फार हळव्या. तिथे एक प्रथिन गोळे करून बसतं, पेशी मरतात आणि माणसाचा हात कपबशी वाजवू लागतो; यालाच कंपवात म्हणतात. ज्यांची कात्री जवळपास चालतच नाही ती मुलं लहानपणीच आजारी पडतात. ज्यांची अर्धी चालते ती बहुतेक माणसं काही न होता म्हातारी होतात. काहींचे हात मात्र थरथरू लागतात.

आता मागे वळून बघितलं की काही गोष्टी दिसतात. दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या निरोगी लोकांचे आकडे आमच्या शंभरापेक्षा दुप्पट यायचे. ते लोक फुगवून सांगतात असं आमचं ठरलं होतं. अधूनमधून एखाद्या रोग्याचा मेहुणा वगैरे तपासला जायचा आणि त्याचे टक्के एकशे नव्वद निघायचे. अशांना आम्ही 'जोमदार' म्हणायचो आणि दोन बिस्किटं जास्त द्यायचो. आणि आजारी मुलांचे आईबाप, ज्यांची कात्री पुस्तकाप्रमाणे अर्धी असायला हवी, ते आमच्याकडे नेमके शंभराच्या आसपास यायचे. पुस्तक चुकलं म्हणायचं की आपण, असा प्रश्न होता. बाईंनी पुस्तक चुकलं असं म्हटलं. त्यावर त्यांचा एक निबंध छापून आला, तो गाजला, आणि भाषणासाठी त्यांना तीन देशांतून बोलावणं आलं. सोबत नेलेल्या आलेखात वर जी आडवी जाड रेघ होती, ती मी होतो.

आता दादाचं. दादा माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. त्याचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी. आठ फुटी काच टेबलावर आडवी टाकून तो पट्टीच्या कडेने काच कापायचा हिरा एका दमात ओढत जाई, मग दोन्ही हातांनी हलकेच दाबलं की काच सांगितल्यासारखी दुभंगायची. चार वर्षांपूर्वी ती सांगितलेलं ऐकेनाशी झाली. आधी आम्ही काचेला नावं ठेवली, मग हिऱ्याला, मग पट्टीला. शेवटी वहिनींनी त्याचा हात हातात धरून बघितला तेव्हा तो चिमणीसारखा फडफडत होता.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मोठ्या रुग्णालयात कंपवातावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. औषध मंदावलेल्या कात्रीला धार लावणारं. अट अशी की रोग्याची कात्री निरोगी माणसाच्या सत्तर टक्क्यांहून कमी असली पाहिजे, म्हणजे धार लावायला काही वाव राहतो. तपासणीचं काम आमच्याकडे. मी दादाला घेऊन गेलो, त्याचं रक्त मीच काढलं, शेजारच्या नळीत माझं भरलं आणि दोन्ही एकाच वेळी यंत्रात लावली. दादा शहाण्णव टक्के आला. रुग्णालयाचं पत्र आलं की आपलं एन्झाइम उत्तम स्थितीत आहे, सबब आपण अपात्र आहात. त्या संध्याकाळी दादाने दुकानातलं कापायचं टेबल विकायला काढलं आणि कापण्यासाठी एक कारागीर ठेवला. तो स्वतः गल्ल्यामागे बसून ऑर्डरी घेऊ लागला, त्याही वहिनींच्या अक्षरात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं यंत्र आलं. जुन्या यंत्राचा माझ्या रक्तावर विश्वास होता, नव्याचा नव्हता. त्याच्यासोबत कंपनीने बाहेर मोजून पक्क्या केलेल्या द्रवाच्या कुप्या पाठवल्या होत्या, आणि निरोगी म्हणजे काय हे ते त्या कुप्यांवरून ठरवणार होतं. सोमवारी साडेनऊला मी सवयीने बाही दुमडली. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला : एकोणपन्नास.

बाई हसल्या. मीही हसलो. मी नळी बदलून पुन्हा लावली. एकोणपन्नास. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस पूर्णांक सात. बाई म्हणाल्या, प्रवासात यंत्राला धक्का बसला असणार, कंपनीच्या माणसाला बोलवा. आम्ही सगळ्यांनी यंत्राकडे सहानुभूतीने बघितलं.

खरं सांगायचं तर अकरा दहाला माझ्या डोक्यात दुसरंही गणित होऊन गेलं होतं. शंभर म्हणजे जर एकोणपन्नास, तर शहाण्णव म्हणजे सत्तेचाळीस. हे गणित करायला मला पेन्सिलही लागली नाही. औषधाच्या चाचणीची शेवटची तुकडी त्याच आठवड्यात भरत होती आणि नावं शनिवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती; ती नोटीस आमच्याच फळ्यावर मीच लावलेली होती. तरी मी फोन केला नाही. यंत्र बिघडलेलं असू दे, अशी प्रार्थना करत मी सोमवार काढला आणि मंगळवारही.

बुधवारी यंत्रवाला आला. त्याने झाकण उघडलं, दिवे तपासले, तारा तपासल्या, आणि संध्याकाळ केली. मग हात पुसत म्हणाला की इतकं निर्दोष यंत्र त्याने या वर्षात पाहिलेलं नाही. बाई म्हणाल्या, अशक्य. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाचं तरी रक्त लावून बघा.

प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांत ही सूचना कोणी केली नव्हती. आम्ही तिच्याकडे अश्लील शब्द ऐकल्यासारखं बघितलं.

गुरुवारी सकाळी तीन दंड पुढे आले. कार्यालयातली टंकलेखिका सत्त्याण्णव. यंत्रवाला स्वतः एकशे आठ. त्याने बायकोला फोन करून कळवलं. तिसरा दंड बाईंचा. त्या स्टुलावर बसल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, टोचा. मी टोचलं. त्या बेशुद्ध पडल्या नाहीत. फक्त एवढंच पुटपुटल्या की हे एकोणीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. एकशे तीन.

टंकलेखिकेने चहाचा कप उचलला होता तो तोंडापर्यंत गेला नाही आणि खालीही आला नाही. बाई कपाटाकडे बघत होत्या. त्या कपाटात तीनशे एक्केचाळीस फायली होत्या, आणि प्रत्येक फाईल माझ्याशी ताडून लिहिलेली होती. काही लोकांना आम्ही ठणठणीत म्हणून घरी पाठवलं होतं. काहींना जोमदार म्हणून बिस्किटं दिली होती, ते बिचारे नुसते नॉर्मल होते.

"तुमचा दादा," बाई म्हणाल्या. मी तोवर दारात पोचलो होतो.

दुकानात दादा गल्ल्यामागे होता आणि वहिनी पावती लिहीत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत वाक्यं जशी बोलायची सवय असते तशी बोललो, म्हणजे चूक झालेली होती पण ती कोणी केलेली नव्हती. मागे कारागीर काच कापत होता, तो हिऱ्याचा चिरका आवाज तेवढा येत राहिला.

"म्हणजे मला तुझ्याशी ताडून बघितलं," दादा म्हणाला.

मी मान डोलावली.

"आई करायची तसं. धाकट्याकडे बघ, धाकट्याकडे बघ." त्याने हात मांडीखाली दाबून धरला. "तेव्हा निदान तू माझ्यापेक्षा बरा तरी होतास."

वहिनींनी पेन ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवलं नाही म्हणून मी आरशांच्या रांगेकडे बघितलं, तर तिथे त्या सहा ठिकाणी होत्या.

"कधी कळलं तुला?" दादाने विचारलं.

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

यंत्र तपासत होतो, असं म्हटलं. त्याने ते ऐकलं नसावं किंवा ऐकूनही सोडून दिलं असावं. मग तो शांतपणे म्हणाला की तो येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगितलं कात्री उत्तम आहे, ते त्याने मानलं, टेबल विकलं, मन मारलं. आता त्याच दारात जाऊन तोच दंड त्याच माणसापुढे करायचा आणि त्याने नवा आकडा सांगायचा. तोही पुढच्या सोमवारी बदलला तर? शहाण्णववर त्याने दोन वर्षं काढली होती, सत्तेचाळीसवर आणखी किती काढायची? त्याचं म्हणणं मला पटत होतं, हीच पंचाईत होती.

वहिनी उठल्या. त्यांनी कारागिराला सांगितलं की दुकान सांभाळ, खुंटीवरची पिशवी घेतली आणि दादाच्या चपला त्याच्या पायाशी सरकवल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "रागवायचं ते बसमध्ये रागवा. आत्ता रिकाम्या असतात, बसायला मिळेल."

दादा बसमध्ये रागावला नाही. खिडकीतून दुकानांच्या काचा बघत बसला आणि एकीकडे बोट दाखवून म्हणाला, ही मी कापलेली.

रक्त यावेळी बाईंनी काढलं. दादानेच तशी अट घातली होती. संध्याकाळी आकडा आला : सत्तेचाळीस. पेन्सिल न घेता केलेलं गणित इतकं बरोबर येऊ नये.

रुग्णालयाने फोनवर सांगितलं की नाव घेता येईल, पण आधीचा अहवाल चुकीचा होता असं प्रमुखांच्या सहीचं पत्र हवं, कारणासकट. शुक्रवारी सकाळी बाई पत्र लिहायला बसल्या. मी समोर बसलो होतो. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'काही तांत्रिक कारणांमुळे'. त्यांनीच ते खोडलं. दुसऱ्यात लिहिलं, 'जुन्या यंत्राच्या मर्यादांमुळे'. त्या यंत्राने एकोणीस वर्षं माझं रक्त इमानाने मोजलं होतं. तेही खोडलं. भिंतीवर त्यांचा तो निबंध चौकटीत लावलेला होता. चौकट दादाच्या दुकानातली, काचही त्याच्या हातची. तिसऱ्यांदा त्यांनी न थांबता लिहिलं : 'आम्ही ज्या व्यक्तीला निरोगी धरत आलो ती निरोगी आहे की नाही हे आम्ही कधीही तपासलं नाही.' खाली सही केली.

"याने तुमचा दादा आत जाईल," त्या म्हणाल्या, "आणि मी बाहेर."

मग त्यांनी कपाट उघडून पहिली फाईल काढली आणि फोन जवळ ओढला. मी निघालो तेव्हा त्या कोणाला तरी सांगत होत्या की घाबरू नका, पण एकदा पुन्हा यावं लागेल. पलीकडचा माणूस घाबरला असावा, कारण हे वाक्य त्या तीनदा बोलल्या.

शनिवारी साडेनऊला आम्ही तिघं रुग्णालयात हजर होतो. डॉक्टर साठीचे, हळू बोलणारे. त्यांनी दादाला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, नाव लिहायला लावलं. नाव सुरुवातीला मोठं होतं आणि शेवटी मुंगीएवढं झालं. मग सहा छोट्या बाटल्या एकेक करून नाकाशी धरल्या आणि वास ओळखायला सांगितला. दादाला सहांतला एकही ओळखता आला नाही. डॉक्टर म्हणाले, यात नवल नाही. या आजारात पुष्कळदा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो. आणि जातो तेव्हा माणसाला कळतही नाही.

"भाऊजी, ती तिसरी बाटली," वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "लसूण आहे की काय? डोक्यात गेला अगदी."

मी म्हटलं, हो ना. वहिनींना हो म्हणायची मला तीस वर्षांची सवय आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दादाचं नाव यादीत चढलं. सदतिसावं. वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. दादाने स्वतः सही करायचा हट्ट धरला. सहीला वेळ लागला, पण ती झाली. औषध कितपत लागू पडेल याची हमी कोणी देत नव्हतं. तरी दादा खुर्चीत जरा ताठ बसला, आणि सोमवारनंतर पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

डॉक्टर बाईंचं पत्र पुन्हा वाचत होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही निरोगी धरलेली व्यक्ती कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, आलाच आहात तर पाच मिनिटं बसा. मी दादाच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसलो. बाही दुमडायला घेतली, तर ते म्हणाले, त्याची गरज नाही, आणि पहिली बाटली उघडून माझ्या नाकाशी धरली.

मी हुंगलं. ही धुऊन ठेवलेली दिसते, असं म्हटलं. त्यांनी बूच लावलं. दुसरी उघडली. हीसुद्धा, मी म्हटलं, आणि हसलो. माझ्याबरोबर कोणी हसलं नाही. कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि तिसरी उघडली.

वहिनींनी नाकाला रुमाल लावला. त्या माझ्यापासून तीन हात लांब बसल्या होत्या.

मी खोल श्वास घेतला. हवा आत गेली, बाहेर आली. पुन्हा घेतला. डॉक्टर वाट बघत होते. लसूण, हे उत्तर मला माहीत होतं, पाऊण तासापूर्वी ते कानात सांगितलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माहीत असलेलं उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडेना.

तेवढ्यात दादाने हात लांब करून डॉक्टरांच्या हातातून ती बाटली काढून घेतली. त्याच्या बोटांत ती इतकी हलत होती की थोडं त्याच्या मनगटावर सांडलं. त्याने ती नाकाशी नेली आणि चांगला लांब श्वास ओढला.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "डॉक्टर, तुमच्या बाटल्या रिकाम्या आहेत. धाकट्याला उगाच घाबरवू नका."

मनगट त्याने पँटला पुसलं आणि बाटली टेबलावर ठेवली. दाराशी उभी असलेली नर्स खिडकी उघडायला गेली.